प्लेट ‘घासली’ नाही, झिजली

प्रश्न इंग्लंडहून आला आहे. बर्मिंगहॅमजवळ राहणाऱ्या एका गृहस्थांनी आपल्या 1972 सालच्या एमजीबीचा, म्हणजे दोन सीटच्या जुन्या स्पोर्ट्‌स गाडीचा, क्लच घरच्या गॅरेजात स्वतः बदलला आणि सगळी हकिकत सोलापूरला वडिलांना लिहून पाठवली. त्यातल्या ‘क्लच प्लेट पार घासली होती’ या वाक्याखाली वडिलांनी लाल रेघ ओढली. तर घासली की झिजली? आणि क्लचला मराठी शब्द कोणता?

वडील बरोबर आहेत. एवढ्यावर थांबलो असतो, पण हे ‘घासली’ हल्ली उठताबसता कानावर येतं. टायर घासले, चप्पल घासली, ब्रेकचे लायनर घासले. कोणी घासले? भांडी घासतात, दात घासतात. घासायला कोणीतरी लागतं, आणि कोणी नसेल तर निदान दुसरी वस्तू तरी लागते: टायर मडगार्डला घासतो. तो प्रकार आत्ताचा, आवाजासकट. नवीकोरी क्लच प्लेटसुद्धा पहिल्या दिवशी गाडी उचलताना फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाला, घासतेच, तिचा जन्मच त्यासाठी. झिजते ती वर्षानुवर्षांनी, कोणाला पत्ता न लागता.

सहाणेवर चंदन आपण उगाळतो आणि चंदन झिजतं. क्रिया एक, परिणाम वेगळा, म्हणून क्रियापदंही दोन. (सहाणही झिजते, पण तिचं कौतुक कोणी करत नाही. तुमच्या गाडीत ती सहाण म्हणजे फ्लायव्हील, तिच्यावर नख फिरवून पाहिलंत ना?)

तुम्ही लिहिलंय की जुनी प्लेट हातात घेतली तर रिव्हेटांची डोकी अस्तराच्या बरोबरीला आली होती. ही अस्सल झीज. अस्तर काचेसारखं चकाकत असतं आणि फ्लायव्हीलवर निळे डाग असते, तर प्लेट जळली म्हणायचं. इंजिनाच्या मागच्या बाजूनं तेल पाझरून ती चिकट झाली असती, तर तेलकटली. गाडी चालवणाऱ्याला तिन्ही सारखेच: चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. एमजीबीत तर इंजिन बाहेर काढल्याशिवाय क्लचचं दर्शन होत नाही, तेव्हा एवढे कष्ट करून पाहिलेल्या गोष्टीला निदान नेमका शब्द वापरा. हिशेबनीस मंडळींनी यंत्राच्या झिजेला ‘घसारा’ करून ठेवलं आहे. यंत्र जणू घसरगुंडीवरून खाली येतंय. त्यांना कोण सांगणार!

आता खरी गंमत. ‘झिजणे’ आलं कुठून? माझ्या ओळखीचे एक प्राध्यापक छातीठोकपणे सांगतात की हा शब्द देशी, म्हणजे संस्कृतातून न आलेला. झ दिसला की यांचं देशी ठरलेलं. झाड, झोपडी, झुडूप यांच्या रांगेत झिजणेही उभं करायचं आणि हात झटकायचे. अहो, हा शब्द सरळ ‘क्षि’ धातूचा आहे. संस्कृतात क्षीयते, प्राकृतात झिज्जइ, मराठीत झिजे. क्षय, क्षीण आणि झीज ही एकाच घरातली भावंडं.

क्षचा झ कसा, हा पुढचा आक्षेप. मराठीत क्षची तीन बिऱ्हाडं आहेत. एका बिऱ्हाडात तो श किंवा स होतो: क्षेत्राचं शेत, मक्षिकेची माशी, क्षुरिकेची सुरी, कुक्षीची कूस, आणि क्षणाचा सण. दुसऱ्यात ख: क्षीराची खीर, क्षाराचा खार. तिसरं बिऱ्हाड लहान, पण माझं लाडकं. तिथे क्षरचा झर होतो, म्हणून झरणे आणि झरा, आणि क्षीयतेचं झिजणे. म्हणजे जे झरत नाही ते ‘अक्षर’. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी चहा गार करून बसलो होतो.

बाराव्या शतकातल्या हेमचंद्राला हे ठाऊक होतं. त्याच्या प्राकृत व्याकरणात सूत्रच आहे: ‘क्षः खः क्वचित्तु छझौ’. क्षचा ख होतो, क्वचित छ आणि झ. उदाहरणांत ‘झिज्जइ’ हजर. माझं भांडण आहे ते त्या ‘क्वचित्’शी. हेमचंद्रासारख्या माणसानं झला असं मागच्या दारानं आत घ्यावं? कारण माझ्या मते इथे झ हा क्षचा बिघाड नाहीच. अवेस्ता या प्राचीन इराणी भाषेत क्षरचा सख्खा भाऊ ‘ग्झर’ असा घोष, म्हणजे गळ्यात कंप उठवणाऱ्या, उच्चाराचा आहे. म्हणजे मुळातला आवाज ग, झ यांच्या जातीचा होता. संस्कृतानं तो कडक करून क्ष केला आणि प्राकृतानं जुना घोष झमध्ये सांभाळला. क्षरबाबत हे अनेक भाषापंडित मानतात. क्षिबाबतही तसंच घडलं असं मी म्हणतो, आणि प्राकृत म्हणजे ‘बिघडलेलं संस्कृत’ असं शिकवणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा.

क्षिचा एक भाऊ ग्रीसलाही गेला. तिथला ‘फ्थिसिस’ म्हणजे झिजत जाणं. त्यावरूनच जुने इंग्रज डॉक्टर क्षयरोगाला ‘थायसिस’ म्हणत. क्षय आणि थायसिस हा अनुवाद नव्हे, नातं आहे. तुमच्या बर्मिंगहॅमच्या जुन्या दवाखान्यातला आजार आणि तुमच्या गॅरेजातली प्लेट, एकच धातू. हे ‘घासली’मध्ये कुठे मिळणार?

हां, क्लच. ‘पकड’ सुचवणारे भेटतील. गॅरेजात ‘पकड दे’ म्हणून पाहा, पोरगा पक्कड आणून देईल. क्लचला क्लचच म्हणा, पुल्लिंगी, दाबला आणि सोडला. फक्त ‘सोडला’पाशी सांभाळा. मराठीत क्लच सोडला म्हणजे पाय उचलला, आणि तेव्हा आत प्लेट धरते. इंग्रजी पुस्तकातलं ‘रिलीज’ नेमकं उलटं: पाय दाबला की प्लेट सुटते. म्हणून पाय दाबल्यावर प्लेट सुटी करणाऱ्या रिलीज बेअरिंगचं ‘सोडणारं बेअरिंग’ करू नका, वडील पुन्हा लाल रेघ ओढतील. एमजीबीत तर ते गोळ्यांचं बेअरिंगसुद्धा नाही, नुसतं ग्राफाइटचं कडं आहे, पेन्सिलीतल्या शिशाच्या जातीचं. सिग्नलला गिअर टाकून क्लच दाबून बसायची सवय असेल तर तेही तसंच झिजतं. पत्रात त्याचा उल्लेख दिसला नाही. बदललंय ना? नसेल, तर त्या एका कड्यासाठी इंजिन पुन्हा बाहेर.