शंका-समाधान : चोरीची किंमत

प्रश्न : इंग्लंडमध्ये पूर्वी किरकोळ चोरीलाही फाशी होती म्हणतात. मग तेव्हा चोरांना आजच्यापेक्षा जास्त धाक असेल ना?

उत्तर : कायद्यात फाशी होती हे खरे. १७६० च्या दशकात कायदेपंडित विल्यम ब्लॅकस्टोन यांनी फाशीचे १६० गुन्हे मोजले. पुढे ते २०० च्या वर गेले. राहत्या घरातून ४० शिलिंगांचा ऐवज नेला, तरी फास. पण किंमत ठरवायची ज्युरीने, म्हणजे खटल्यात निवाडा देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने, आणि गोम तिथेच होती. समजा, मोलकरणीने मालकाचा १०० शिलिंगांचा चांदीचा पेला लांबवला. ज्युरी म्हणे, ‘दोषी. किंमत ३९ शिलिंग.’ फाशी टळली; वाट्याला यायची बहुधा सात वर्षांची हद्दपारी. ज्युरीने खरे सांगण्याची शपथ घेतलेली असे, म्हणून ब्लॅकस्टोन याला पुण्य पदरात टाकणारी खोटी शपथ म्हणत. १८२७ मध्ये मर्यादा ५ पौंडांवर (एक पौंड म्हणजे २० शिलिंग) नेली, तर ज्युरीची किंमत लगेच ४ पौंड १९ शिलिंगांवर चढली! हिशेबाला पक्के होते म्हणायचे.

फिर्यादीही कच खात. खटला बहुधा स्वतःच्या खर्चाने चालवायचा आणि वर एका पेल्यापायी कुणाला फासावर चढवायचे, हे कोणाला हवे? १८३० मध्ये तर बँकवाल्यांनीच संसदेला अर्ज केला की बनावट दस्तऐवजाची फाशी रद्द करा, कारण तिच्यामुळे आरोपी दोषीच ठरत नाहीत. अशा कायद्याचा धाक कितीसा राहणार? बेकारिया हा इटालियन विचारवंत १७६४ मध्येच सांगून गेला होता की, शिक्षा सौम्य पण हमखास असेल तर तीच जास्त जरब बसवते. १८६१ पर्यंत फाशीचे गुन्हे चारच उरले.

प्रश्न : आपल्याकडे आता चोराला नुसती समाजसेवा करायला लावतात, हे खरे का?

उत्तर : सरसकट नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, कलम ३०३(२) खाली, ही शिक्षा आहे. पण माल ५००० रुपयांच्या आतला हवा, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरलेला हवा आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली हवी. यातले एक जरी हुकले, तर तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पुन्हा चोरीत दोषी ठरला, तर किमान एक आणि कमाल पाच वर्षे सक्तमजुरी, शिवाय दंड. राहत्या घरातली चोरी कलम ३०५ मध्ये जाते. तिथे सात वर्षांपर्यंत कैद आहे आणि समाजसेवेची सवलत नाही.

व्यवहारात किमतीचा आकडा इथेही महत्त्वाचा. ५००० च्या आतली साधी चोरी अदखलपात्र धरली जाते, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. तेव्हा तक्रार द्यायला जाताना खरेदीची पावती बरोबर न्या, आणि किंमत अंदाजाने कमी लिहिली जात असेल तर तिथेच हरकत घ्या.