सिटीज: स्कायलाइन्समध्ये ग्रिड ठेवूनही शहर देखणं कसं करता येईल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिटीज: स्कायलाइन्स या शहर वसवण्याच्या व्हिडिओ गेममध्ये चाळीस हजार वस्तीचं शहर झालंय, ग्रिड म्हणजे सगळे रस्ते काटकोनात, जागा कुठे वाया गेलेली नाही, पण वरून बघितलं की गणिताच्या वहीचं पान वाटतं. वळणाचे रस्ते करायला गेलं की झोनिंगमध्ये, म्हणजे रस्त्याकडेला इमारतींसाठी नेमलेल्या चौकोनांमध्ये, फटी पडतात. आणि उभं केलेलं शहर पाडायचीही इच्छा नाही.

ग्रिड सोडू नका. माझं आजोळ जयसिंगपूर. शाहू महाराजांनी आपल्या वडिलांच्या नावाने वसवलेलं हे गाव सरळ गल्ल्यांचं आहे; पत्ता सांगताना गल्लीचा नंबर सांगितला की काम भागतं. लहानपणी तिथे मी कधी चुकलो नाही आणि सरळ गल्ल्यांचा कधी कंटाळाही आला नाही. त्यामुळे काटकोनाला दोष देणं मला पटत नाही. तुमच्या वर्णनावरून वाटतं ते असं, की तुमच्या ग्रिडला आडवं काहीच आलेलं नाही. नदी नाही, जुना रस्ता नाही, मोकळं मैदान नाही. तिला कुठे थांबावं लागत नाही, म्हणून डोळाही कुठे थांबत नाही.

आधी मापं बघू, कारण फटी तिथूनच पडतात. २०१५च्या पहिल्या गेममध्ये झोनिंगचा एक चौकोन ८ मीटरचा असतो आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना चार-चार चौकोन मिळतात. साधा दुपदरी रस्ता दोन चौकोन रुंद. दोन समांतर रस्त्यांच्या मधे आठ चौकोन ठेवले की इमारती पाठीला पाठ लावून बसतात, आणि एका रस्त्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत दहा चौकोन, म्हणजे ८० मीटर होतात. एका बाजूला चौपदरी किंवा सहापदरी रस्ता असेल तर तो चार चौकोन रुंद असतो, तेव्हा अकरा मोजा. २०२३च्या दुसऱ्या गेममध्ये झोनिंग सहा चौकोन खोल जातं, तिथे मधे बारा सोडा.

हे ८० मीटर मला फार आवडतात, कारण न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये जवळजवळ हेच माप आहे. १८११च्या आराखड्यात ब्लॉकची, म्हणजे चार रस्त्यांमधल्या तुकड्याची, आखूड बाजू साधारण २०० फूट आणि गल्ली ६० फूट रुंद. मध्य ते मध्य २६० फूट, म्हणजे ७९ मीटर. फरक असा, की त्या ब्लॉकची लांब बाजू सहाशे-नऊशे फुटांच्या घरात जाते आणि मोठ्या रस्त्यांमधली अंतरं सगळीकडे सारखी नाहीत. आपण गेममध्ये करतो ८० बाय ८०. चारही बाजू सारख्या झाल्या की गल्ली कुठली आणि हमरस्ता कुठला हे कळायला काही खूण उरत नाही. म्हणून ब्लॉक लांबट ठेवा: आठ चौकोन रुंद, आणि लांबी कुठे अठरा, कुठे चोवीस. ट्रॅफिकसाठी मी मॅनहॅटनच्या उलट करतो. तिथे ब्लॉकची आखूड बाजू ॲव्हेन्यूवर, म्हणजे मोठ्या रस्त्यावर येते. मी लांब बाजू मोठ्या रस्त्याला लावतो. तेवढे सिग्नल कमी होतात आणि मोठा रस्ता वाहता राहतो. मधल्या गल्ल्या पादचारी रस्त्याने जोडल्या की लोक चालत जातात.

आता खरी गोष्ट. नवा भाग आखताना आधी ग्रिड काढू नका. आधी एक जुना रस्ता काढा, शहर नव्हतं तेव्हा दोन वाड्यांमधे असेल तसा. उताराला धरून, थोडा तिरका, घाई नसलेला. मग त्याच्यावरून ग्रिड टाका आणि तो रस्ता पुसू नका. न्यूयॉर्कचा ब्रॉडवे असाच आहे, आराखड्याच्या आधीपासूनचा, आणि तो सरळ ग्रिड तिरका कापत जातो. पाचव्या ॲव्हेन्यूला छेदतो तिथे मॅडिसन स्क्वेअर, सहाव्याला हेरल्ड स्क्वेअर, सातव्याला टाइम्स स्क्वेअर, आठव्याला कोलंबस सर्कल. त्या शहरातल्या ज्या जागा जगाला नावाने माहीत आहेत, त्यातल्या इतक्या या एका तिरक्या रेघेने दिल्या. फ्लॅटआयर्न ही त्रिकोणी इमारत १९०२ सालची, तीही ब्रॉडवे आणि पाचव्या ॲव्हेन्यूच्या बेचक्यातच बसलेली आहे.

गेममध्ये हे करताना तिरक्या रस्त्याच्या कडेला त्रिकोणी तुकडे उरतील. झोनिंग काटकोनातच बसतं, त्याला इलाज नाही. बरेच जण याच धास्तीने तिरका रस्ता काढत नाहीत. पण ते तुकडेच तर हवे आहेत! तिथे झाडं लावा, पायवाट घाला, छोटी बाग ठेवा. एकच करा: तिरका रस्ता ग्रिडमधल्या चौकांच्या अगदी जवळून नेऊ नका, एकतर नेमका चौकातून न्या नाहीतर ब्लॉकच्या मधून. दोन चौक चिकटून आले की गाड्या तिथे कोंडतात. आणि असा रस्ता एका भागाला एकच पुरे. दोन काढले तर पहिल्याचंही महत्त्व जातं.

जुना रस्ता मिळत नसेल तर मोकळी जागा आराखड्यातच विणून टाका. मला याबाबतीत सगळ्यात जवळचं वाटतं ते अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातलं सव्हाना शहर. जेम्स ओगलथॉर्पने १७३३ मध्ये ते आखलं. त्याने रस्ते आखून मग बागेला जागा शोधली नाही. त्याचा मूळ घटकच एक वॉर्ड होता: मधोमध बागेचा चौक, उत्तरेला आणि दक्षिणेला घरांचे दोन-दोन ब्लॉक, पूर्व-पश्चिमेला सार्वजनिक इमारतींसाठी दोन-दोन लहान प्लॉट. शहर वाढलं तसे वॉर्ड वाढले, आणि प्रत्येक वॉर्डाबरोबर एक चौक आपोआप आला. शेवटी असे २४ चौक झाले.

पहिल्या गेमच्या मापात हा वॉर्ड मी असा बसवतो. बाहेरच्या चार रस्त्यांच्या आत २८ बाय २८ चौकोन. बरोबर मधे ८ बाय ८ची बाग, तिच्या चारही बाजूंनी दोन चौकोन रुंदीचा एकेरी रस्ता. बागेच्या वर आणि खाली दोन आडवे रस्ते पूर्व-पश्चिम आरपार जातात. डावा-उजवा उभा रस्ता मात्र त्या दोन रस्त्यांमधेच संपतो, पुढे नेऊ नका. आता उत्तरेच्या आठ चौकोनी पट्टीच्या मधोमध एक गल्ली काढा: तेरा चौकोन, गल्ली दोन, पुन्हा तेरा. ती थेट बागेच्या मध्यावर येऊन थांबते. दक्षिणेलाही तसंच. डाव्या-उजव्या पट्टीत शाळा, दवाखाना, फायर स्टेशन.

आता कॅमेरा खाली आणा आणि त्या उत्तरेच्या गल्लीत उभे राहून बघा. दोन्ही बाजूंना घरं, आणि समोर गल्लीच्या तोंडाशी झाडं. नजर क्षितिजापर्यंत पळत नाही, झाडांपाशी थांबते. गाडीलाही सरळ घुसता येत नाही, बागेला वळसा घालावा लागतो, त्यामुळे लांब जाणारं ट्रॅफिक बाहेरच्या रस्त्यावरच राहतं. असे चार वॉर्ड शेजारी ठेवलेत तरी एकसुरी वाटत नाहीत, कारण प्रत्येक बागेत तुम्ही वेगळं काहीतरी ठेवणार: एकीत कारंजं, एकीत नुसती मोठी झाडं, एकीत मुलांचं मैदान. सव्हानाच्या चौकांचंही तसंच आहे, साचा एक आणि प्रत्येकाचा चेहरा निराळा.

दाट वस्तीचा भाग करायचा असेल तर बार्सिलोना शहराचा आइशाम्प्ला हा भाग बघा. इल्देफोन्स सेर्दाच्या १८५९च्या आराखड्यात ब्लॉक ११३ मीटरचा आहे, म्हणजे गेमचे चौदा चौकोन. चारही बाजूंनी चार-चार खोल झोनिंग केलं की आत ६ बाय ६ उरतात. लोक याला वाया गेलेली जागा म्हणतात. सेर्दाला ब्लॉकच्या आत बागाच हव्या होत्या. पुढे शहराने त्या बऱ्याच भरून टाकल्या, तो भाग वेगळा. तुम्ही भरू नका. आत पायवाट आणि झाडं ठेवा, वरून बघताना प्रत्येक ब्लॉकच्या पोटात हिरवा ठिपका दिसतो.

दोन ग्रिड एकमेकींना वेगळ्या कोनात मिळवायच्या असतील तर सांध्यावर सगळ्यात रुंद रस्ता ठेवा. सॅन फ्रान्सिस्कोत मार्केट स्ट्रीटच्या उत्तरेची ग्रिड एका दिशेला आणि दक्षिणेची दुसऱ्या दिशेला आहे, दोघींचा सांधा म्हणजे तो रस्ता. दोन्ही बाजूंच्या गल्ल्या त्याला वेगवेगळ्या कोनांत येऊन भिडतात. बाजारपेठ तिथे घाला. आणि नदी किंवा समुद्र असेल तर ग्रिडचा कोन उत्तर दिशेवर न ठरवता पाण्याच्या काठावर ठरवा. काठ वळला की ग्रिडही वळवा, सांधा आपोआप मिळेल.

राहिलं तुमचं तयार शहर. ते पाडायची गरज नाही. सेंट्रल पार्क १८११च्या आराखड्यात नव्हताच. तो करायचं १८५३ मध्ये ठरलं, ग्रिड कागदावर आखून चाळीस वर्षं झाल्यावर. सव्हानातला एलिस स्क्वेअर १९५४ मध्ये पार्किंगसाठी गेला होता, तो २०१०ला पुन्हा चौक म्हणून खुला झाला. खरी शहरं एवढं करतात, आपल्याला तर बुलडोझर आणि दोन मिनिटं लागतात.

तुमचे ब्लॉक ८० मीटरचेच असावेत असं धरतो. शेजारशेजारचे चार ब्लॉक निवडा, दोन बाय दोन, शक्यतो शाळा किंवा मेट्रो स्टेशनच्या जवळचे. त्यांच्या मधले जे दोन रस्ते एकमेकांना छेदतात, तेवढेच त्या चार ब्लॉकांपुरते काढून टाका. त्या रस्त्यांकडे तोंड असलेल्या इमारती जातील, बाहेरच्या रस्त्यांकडे तोंड असलेल्या राहतील. आता तुमच्याकडे १८ बाय १८चा एक मोठा ब्लॉक आहे, आणि त्याच्या पोटात दहा बाय दहा, म्हणजे ८० मीटरची मोकळी जागा. कापलेल्या गल्ल्यांच्या तोंडापासून आत पायवाटा न्या आणि मधे बाग करा. बाहेरच्या ज्या रस्त्यांवर आता चौकाचा तिठा झाला तिथलं ट्रॅफिक लगेच मोकळं होताना दिसेल. असं शहरात तीन-चार ठिकाणी करा, पण एका ओळीत नको, इकडे एक तिकडे एक. मग शहराच्या एका टोकाकडून जुना तिरका रस्ता आणा आणि त्यातल्या दोन बागांना जोडा. मी माझ्या शहरात पहिली अशी बाग केली तेव्हा साठेक घरं गेली होती आणि जीव खालीवर झाला होता. आठवड्याभरात बागेभोवतीच्या इमारतींच्या पातळ्या चढल्या, कारण बागेमुळे जमिनीची किंमत वाढते. तुमच्या शहराचा वरून काढलेला फोटो टाकलात तर कुठले चार ब्लॉक काढावेत ते मी त्यावर खूण करून देईन.