सत्तरी तालुक्यात आमच्या बागायतीला लागून असलेल्या रानवाटेवर लाकडी शिल्पं उभी करायची आहेत. गोव्याच्या पावसात ती टिकतील का?

टिकतील, पण लाकूड आणि बूड या दोन गोष्टी सांभाळा.

लाकूड फणसाचं किंवा सागाचं घ्या, तेही आतला गाभाच. बाहेरचा पांढुरका भाग वाळवी आधी खाते, तो निर्दयपणे तासून टाका. पांगारा कोरायला लोण्यासारखा, सावंतवाडीची खेळणी त्याचीच व्हायची, पण उघड्यावर तो लवकर कुजतो.

खरं नुकसान बुडातून होतं. ओंडका मातीत कधीच पुरू नका. चिऱ्यांचा चौथरा करा आणि लाकूड त्याच्यापासून बोटभर वर, लोखंडी खुंटीवर उभं करा. लाकडाच्या कापलेल्या टोकातून पाणी सर्वांत जास्त शोषलं जातं, म्हणून माथा उतरता ठेवा. गव्याची पाठ, धनेशाची चोच कोरताना पाणी साचेल असा खळगा राहू देऊ नका. राहिलाच तर खालून भोक पाडा. मोठा ओंडका मागून पोकळ केला तर तडे कमी जातात.

काजूच्या टरफलाचं तेल होड्यांना लावतात, तेच इथेही चालतं. हातमोजे मात्र हवेतच, कातडीवर फोड येतात. दर वर्षी पावसाआधी, लाकूड कोरडं असताना पुन्हा लावा. व्हार्निशचा थर सोलला की आत ओल अडकते, म्हणून मी ते टाळतो.

अभयारण्यातलं पडलेलं झाडही उचलू नका, कायद्याने मनाई आहे. खासगी जागेतलं झाड तोडायलाही 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. पावसात उन्मळलेला जुना फणस गावात कुणाकडे आहे का, ते आधी विचारा.