'आदिमानवाचे स्थलांतर' म्हणावे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "स्पेनमध्ये चेहऱ्याचं जुनं हाड सापडल्याच्या बातमीत 'आफ्रिकेतून युरोपात स्थलांतर केलेल्या आदिमानवाचे जीवाश्म' असं वाचलं. पक्षी स्थलांतर करतात, ऊसतोड कामगारही करतात. मग लाखो वर्षांपूर्वीच्या माणसालाही तोच शब्द कसा? इंग्रजीत म्हणे 'मायग्रेशन' आणि 'डिस्पर्सल' असे दोन वेगळे शब्द वापरतात. दुसऱ्याला मराठीत काय म्हणायचं? आणि आदिमानव म्हणजे नक्की कोण?"

सगळे वापरतात म्हणून 'स्थलांतर' चालून जातो. पण या जागी तो नको असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्याचं कारण शब्दाच्या घडणीतच आहे. भाषांतर, रूपांतर, नामांतर, वेषांतर, पक्षांतर या सगळ्यांत 'अंतर' म्हणजे 'दुसरा'. पहिलं सोडलं आणि दुसरं धरलं, असा त्यांचा अर्थ होतो. नामांतर झालं की जुनं नाव जातं. स्थलांतरातही जुनी जागा सुटते, निदान त्या हंगामापुरती तरी. शिवाय जो निघतो तोच पोचतो. बीडहून निघालेल्या ऊसतोड जोडप्याला आपण कुठल्या कारखान्याच्या फडावर चाललो आहोत हे ठाऊक असतं आणि पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, की गावी परतायचं हेही ठाऊक असतं.

आता हा शब्द दमानिसीला लावून पाहू. जॉर्जियात, कॉकेशसच्या दक्षिणेला, एका मध्ययुगीन शहराच्या अवशेषांखाली हे स्थळ आहे. १९९१ मध्ये तिथे मानवी जबड्याचं हाड मिळालं आणि पुढच्या वर्षांत एकूण पाच कवट्या निघाल्या. वय साधारण १८ लाख वर्षं. पाचव्या कवटीचा मेंदू अवघा ५४६ घनसेंटिमीटरचा, म्हणजे आपल्या मेंदूच्या निम्म्याहूनही बराच लहान. आणखी एक कवटी अशा व्यक्तीची आहे जिचे जवळजवळ सगळे दात मृत्यूच्या बऱ्याच आधी पडले होते आणि हिरड्यांची हाडं भरून आली होती. दात नसताना ती व्यक्ती काही काळ जगली. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत जास्त हलवून टाकते.

ही माणसं आफ्रिकेतून 'आली' का? तिथल्या एकाही माणसाने आफ्रिका पाहिली असण्याची शक्यता नाही. टांझानियातल्या ओल्डुवाय घळीपासून दमानिसी सरळ रेषेत सुमारे पाच हजार किलोमीटरवर आहे. समजा, एका पिढीचा वावर आधीच्या पिढीपेक्षा फक्त दहा किलोमीटर पुढे सरकला. तर हे अंतर कापायला ५०० पिढ्या लागतील. पिढीला २५ वर्षं धरली तर साडेबारा हजार वर्षं. कुणीही कुठेही निघालं नव्हतं. नदीच्या वरच्या अंगाला शिकार बरी मिळाली, मुलं तिकडेच वाढली, एवढंच प्रत्येकाच्या आयुष्यात घडलं असणार. आणि आफ्रिका रिकामी झाली नाही. तिथे माणूस होताच, आणि पुढेही राहिला. सोडलेलं स्थळ नाही आणि ठरवलेलंही नाही, तर स्थलांतर कशाचं म्हणायचं?

मग 'डिस्पर्सल'ला काय म्हणावं? 'पांगणे' सुचतं, कारण शब्द जिवंत आहे. पण सभा पांगते, गर्दी पांगते, म्हणजे आधी एकत्र असलेलं मोडतं. मूळ जागी कुणी उरत नाही असा त्याचा सूर आहे, तेव्हा तीच अडचण पुन्हा येते. 'फैलाव' रोगाचा आणि आगीचा, त्यामुळे वाचताना उगाच भय वाटतं. 'विस्तार' राज्याचा होतो, त्यामागे कुणाचा तरी हेतू दिसतो. 'विकिरण' ऊर्जेसाठी राखलेला बरा.

मला 'प्रसार' सर्वांत योग्य वाटतो, आणि तो नव्याने घडवावाही लागत नाही. शाळेत आपण सगळे 'बीजप्रसार' शिकलो आहोत. रुईची म्हातारी वाऱ्यावर जाते, झाड जागेवरच राहतं, बी कुठे पडेल हे कुणी ठरवलेलं नसतं. ते बरोबर 'डिस्पर्सल'च आहे. तेव्हा 'मानवाचा युरोपातील प्रसार' हे शुद्ध, सोपं आणि अर्थाला धरून आहे. बोलताना 'माणूस युरोपात पसरला' म्हणा.

पण एवढ्याने काम भागत नाही, कारण बातमीत बहुतेक वेळा प्रसारही सापडलेला नसतो. सापडलेलं असतं एक हाड, एक दात, काही दगड. त्यासाठी मराठीत फार चांगला शब्द आहे: वावर. (वऱ्हाड-मराठवाड्यात वावर म्हणजे शेत, तो अर्थ इथे नाही.) गावाशेजारी बिबट्याच्या पायाचे ठसे दिसले की आपले वार्ताहर लिहितात, 'परिसरात बिबट्याचा वावर'. तो कुठून आला, किती दिवस होता, गेला की आहे, याबद्दल शब्द काहीही दावा करत नाही. पुराव्यातून जेवढं निघतं तेवढंच तो सांगतो.

युरोपातला सर्वांत जुना पुरावा पाहिला की या शब्दाची गरज पटते. रोमानियातल्या ग्राउन्चानू इथली काही प्राण्यांची हाडं २०२५ मध्ये चर्चेत आली. वय किमान १९.५ लाख वर्षं. त्यांच्यावर दगडी धारेने मांस कापल्याच्या खुणा आहेत. माणसाचं हाड नाही. 'मानवाचे जीवाश्म सापडले' असं लिहिणं तिथे सरळ चूक ठरेल. 'मानवी वावराच्या खुणा' हे नेमकं. युक्रेनच्या पश्चिम भागात कोरोलेवो इथे सुमारे १४ लाख वर्षांपूर्वीची दगडी हत्यारं आहेत, तिथेही हाडं नाहीत. हत्यारांना जीवाश्म म्हणू नये हे इथेच सांगून टाकतो. जीवाश्म जीवाचा किंवा त्याच्या खुणेचा असतो. घडवलेला दगड हे हत्यार किंवा अवजार. आपल्याकडे प्रवरेकाठी नेवाशाजवळ चिरकी इथे दगडी हातकुऱ्हाडी निघाल्या, माणसाचं हाड मात्र नाही. तेव्हा तिथेही 'वावर'च.

इंग्लंडच्या नॉरफक किनाऱ्यावर हॅपिसबर्ग नावाचं गाव आहे. उच्चार 'हेझब्रा'च्या जवळ जातो. २०१३ च्या मे महिन्यात समुद्राने वाळू ओढून नेली आणि खाली गाळाच्या थरात पावलांचे ठसे उघडे पडले. साडेआठ ते साडेनऊ लाख वर्षांपूर्वीचे. मोठ्यांचे आणि मुलांचेही. संशोधकांनी भरतीच्या वेळा सांभाळत त्यांची छायाचित्रं आणि मापं घेतली आणि दोनेक आठवड्यांत लाटांनी ते पुसून टाकले. आज ठसे नाहीत, नोंद आहे. 'पाऊलखुणा' हा शब्द इतक्या अक्षरशः क्वचितच वापरायला मिळतो.

आता ज्या बातमीवरून प्रश्न आला तिच्याकडे वळू. उत्तर स्पेनमधल्या अतापुएर्का टेकडीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खाणीच्या रेल्वेसाठी चर खोदला, त्यात गुहांचे थर उघडे पडले. त्यातल्या सिमा देल एलेफान्ते या स्थळी २००७ मध्ये जबड्याचा तुकडा मिळाला आणि २०२२ मध्ये चेहऱ्याच्या डाव्या बाजूची हाडं. मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चेहऱ्याचं वय ११ ते १४ लाख वर्षं दिलं आहे. शेजारच्याच ग्रान दोलिना गुहेत १९९४ पासून वेगळ्या मानवाची हाडं मिळाली. त्याला १९९७ मध्ये 'होमो अँटेसेसर' हे नाव दिलं. तो सुमारे साडेआठ लाख वर्षांपूर्वीचा, आणि त्याचा चेहरा आपल्या चेहऱ्याच्या बराच जवळ जातो. जुना चेहरा तसा नाही. तो 'होमो इरेक्टस' या प्राचीन मानवाकडे झुकतो, म्हणून संशोधकांनी त्याला 'होमो अफिनिस इरेक्टस' असं जपून ठेवलेलं नाव दिलं, म्हणजे 'इरेक्टसशी नातं दिसणारा'.

एकाच टेकडीत दोन वेगळे मानव. मधल्या काळात, ११ लाख वर्षांच्या सुमारास, कडाक्याच्या थंडीचा एक टप्पा येऊन गेला, आणि युरोप तेव्हा माणसांविना झाला असावा असं काही संशोधकांनी २०२३ मध्ये मांडलं. ते खरं असेल तर पहिले लोक संपले आणि दुसरे नंतर पसरत आले. पुढेही हेच दिसतं. आपल्या जातीची, म्हणजे होमो सेपियन्स, माणसं सुमारे ४५ हजार वर्षांपूर्वी बल्गेरियातल्या बाचो किरो गुहेत होती, पण त्यांचे वंशज आजच्या युरोपीय लोकांत फारसे उरलेले नाहीत. म्हणून एकवचनी 'स्थलांतर' आणखीच खोटं पडतं. तिथे अनेक प्रसार झाले, काही विरून गेले.

'आफ्रिकेतून युरोपात' या शब्दयोजनेबद्दलही एक सांगायला हवं. तिच्यामुळे युरोप हेच मुक्कामाचं ठिकाण होतं असं वाटतं. चेन्नईजवळच्या अत्तिरमपक्कम इथल्या हातकुऱ्हाडी सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या आहेत. युरोपात हातकुऱ्हाडी त्यानंतर कित्येक लाख वर्षांनी दिसू लागतात. युरोप त्या काळी प्रसाराचा एक थंड, अडचणीचा कोपरा होता. तिथे खोदकाम जास्त झालं म्हणून तो मोठा दिसतो.

'आदिमानव' या शब्दाबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. दमानिसीचा लहान मेंदूचा माणूस, १९०७ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गजवळ माउअर इथे ज्याचा जबडा मिळाला तो, १८५६ मध्ये निआंडर खोऱ्यात सापडलेला निअँडरथल, आणि फ्रान्समधल्या लास्को गुहेत चित्रं काढणारी आपल्याच जातीची माणसं, सगळ्यांना आपण आदिमानव म्हणतो. पहिल्यात आणि शेवटच्यात सतरा लाखांहून जास्त वर्षं आहेत. त्यात निअँडरथलला 'आदि' म्हणणं तर फारच अपुरं आहे. तो आपल्या आधीचा नव्हे, काही हजार वर्षं आपल्या बरोबरचा. आफ्रिकेबाहेरच्या आजच्या माणसांत त्याच्या जनुकांचा एक-दोन टक्के वाटा आहे. तुमच्या-माझ्यातही आहे. म्हणून जातीचं नाव माहीत असेल तर तेच लिहावं. नसेल तर 'प्राचीन मानव' आणि सोबत काळ. आणि आजच्या जंगलात राहणाऱ्या कुठल्याही समाजाला 'आदिमानव' हा शब्द कधीही लावू नये. ते आपल्याइतकेच आजचे आहेत.

जाता जाता 'वानर'. युरोपात माणसाच्या खूप आधी, एक कोटीहून जास्त वर्षांपूर्वी, गोरिला-चिंपांझीच्या गटातले, शेपूट नसलेले प्राणी राहत होते. फ्रान्समधल्या ड्रायोपिथेकसचं वर्णन १८५६ मध्येच एदुआर लार्ते यांनी केलं. बव्हेरियातल्या डानुव्हियसची माहिती २०१९ मध्ये आली. बातम्यांत यांना कधी माकड, कधी वानर म्हणतात. पण आपल्याकडे वानर म्हणजे काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा. या बिनशेपटीच्या गटाला विश्वकोशी मराठीत 'कपी' हा शब्द रूढ आहे. संस्कृतात कपी म्हणजे माकडच, हे खरं. तरी पारिभाषिक अर्थ आता ठरला आहे, तो पाळावा. नाही पाळला तर मोठी गल्लत होते, कारण युरोपात खरी माकडंही होती. स्पेनच्या कुएव्हा व्हिक्टोरिया गुहेत थेरोपिथेकस या आफ्रिकी माकडाचे जीवाश्म मिळाले आहेत, साधारण दहा लाख वर्षांपूर्वीचे. त्याचाही प्रसारच झाला होता, आणि त्याच्याबद्दल 'स्थलांतर केले' असं लिहायचं मात्र कुणाला सुचत नाही.

तर बातमीतलं ते वाक्य मी असं लिहीन: 'स्पेनमधील अतापुएर्का येथे ११ ते १४ लाख वर्षांपूर्वीच्या मानवाच्या चेहऱ्याचे जीवाश्म, पश्चिम युरोपातील मानवी वावराचा जुना पुरावा.' मथळ्यात जागा कमी असेल तर 'जीवाश्म' वगळून 'हाडे' लिहिलं तरी चालेल.