सहावीच्या चित्रकलेच्या तासाला नॅव्हाहो विणकाम शिकवायचं आहे. मुलांनी नुसते नक्षीचे नमुने रंगवू नयेत, तर काय करून घ्यावं?

नक्षीपासून सुरुवातच करू नका, मागापासून करा. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातले मूलनिवासी नॅव्हाहो लोक (ते स्वतःला दिने म्हणतात) उभ्या मागावर विणतात. ताणा, म्हणजे मागावर ताणलेला उभा धागा, अखंड असतो, कापलेला नसतो. बाणा, म्हणजे त्यातून आडवा विणलेला धागा, इतका ठोकून बसवतात की ताणा दिसतच नाही. त्या पायऱ्यापायऱ्यांच्या नक्षीचं मूळ या रचनेत आहे. मुलांनी चार ओळी विणल्या की हे हाताला कळतं, कागदावर रंगवून कळत नाही.

मागासाठी 15 × 22 सेंमीचा पन्हाळी पुठ्ठा घ्या. आतल्या नळ्या ताण्याच्या दिशेने उभ्या हव्यात. आडव्या असल्या तर धागा ताणताच पुठ्ठा धनुष्यासारखा वाकतो. वर-खाली 1 सेंमी आत रेघ मारून 6 मिमी अंतरावर प्रत्येकी 20 खाचा करा. ताण्याला पीळदार सुती दोरा घ्या, साधारण साडेचार मीटर. लोकर ताणली की लांबते, म्हणून ती ताण्याला नको. दोरा फक्त पुढच्या बाजूने वर-खाली न्या आणि मागे एका खाचेतून शेजारच्या खाचेत वळवा. बोट फिरवल्यावर दोरा किंचित दबला पाहिजे. तारेसारखा ताठ नको. बाण्याला सगळे रंग मिळून 15 ते 20 मीटर मध्यम जाडीची लोकर पुरते. ठोकायला जेवणाचा काटा चालतो, दिने विणकरांची लाकडी फणी हेच काम करते.

जवळपास प्रत्येक वर्गात तुकडा मधे बारीक होत जातो, डमरूसारखा. कारण एकच: मुलं बाणा सरळ ओढतात. ताण्याच्या वर-खाली जाताना बाण्याला रुंदीपेक्षा जास्त लांबी लागते. ती मिळाली नाही की तो कडा आत खेचतो. म्हणून प्रत्येक ओळ टेकडीसारखी कमानीत ठेवायची आणि मगच काट्याने खाली बसवायची. दर पाच ओळींनी पट्टीने रुंदी मोजायला लावा, कारण 2 सेंमी आत गेल्यावर उसवण्यावाचून इलाज नसतो. पांढरा ताणा डोकावत असेल तर लोकर बारीक आहे किंवा ठोकणं कमी पडतंय.

दोन रंग शेजारी आले आणि दोन्ही आपापल्या ताण्यावरून परतले की मधे फट पडते. लहान फट चालते, पण सात-आठ ओळींच्या पुढे वाढू लागली तर दोन्ही बाणे एकमेकांत अडकवून परतवा. तिरपी रेघ हवी असेल तर दर दोन ओळींनी रंगाची हद्द एक ताणा सरकवा. दर चार ओळींनी सरकवली तर चढ जास्त उभा होतो. हे गणित सापडलं की मुलं नक्षी स्वतःच रचतात आणि कॉपीचा प्रश्न बराचसा सुटतो.

शेवटचे 2 सेंमी छळतात. ताणा घट्ट होतो, बोटं आत जात नाहीत, तिथे बोथट सुई द्या. चारही कडा बंद राहतात. दिने गालिच्यांना सहसा झालर नसते ती याचमुळे. 40 मिनिटांचे सहा तास धरा.

सोबत थोडा इतिहास हवाच, पण कोरडी यादी नको. माग पुएब्लो या शेजारच्या मूलनिवासी लोकांकडून आला असं इतिहासकार म्हणतात. दिने परंपरेत विणकाम कोळी-स्त्रीने (जाळं विणणाऱ्या कोळ्याच्या नावाची दैवी स्त्री) शिकवलं. दोन्ही सांगा. मेंढ्या स्पॅनिश लोकांबरोबर आल्या. 1864 मध्ये अमेरिकी सैन्याने दिने लोकांना जबरदस्तीने न्यू मेक्सिकोतल्या बॉस्क रेदोंदोच्या छावणीत चालत नेलं, 1868 च्या करारानंतर ते परतले. विणकाम आजही चालू आहे, त्यामुळे सगळं भूतकाळात बोलू नका. टू ग्रे हिल्स या गावाकडचे न रंगवलेल्या लोकरीचे तपकिरी-राखाडी गालिचे आणि गनाडो या दुसऱ्या गावाकडचे लाल गालिचे शेजारी ठेवले तर ‘नॅव्हाहो नक्षी’ अशी एकच नसते हे मुलांना दिसतं.

वाळूचित्रांतल्या आकृत्या मात्र वर्गात विणायला देऊ नका. त्या उपचारविधींच्या आहेत. आणि शाळेच्या विक्रीत मुलांचे तुकडे ‘नॅव्हाहो’ नावाने मांडू नका. अमेरिकेत 1990 च्या कायद्याने मूलनिवासींनी न केलेली वस्तू त्यांची म्हणून विकणं गुन्हा आहे. तो कायदा तुम्हाला लागू असो वा नसो, पाटीवर ‘पुठ्ठ्याच्या मागावरचं विणकाम’ एवढंच लिहा.