रोहिणी, स्वाती आणि आजीचा सूर्य

चि. ईशान यास अनेक आशीर्वाद.

आजीने पाठवलेला रथसप्तमीच्या पूजेचा व्हिडिओ पाहून तू मला विचारलेस, "सूर्य एक दिवस मरणार आहे, हे आजीला कोणी सांगितलं नाही का?" प्रश्नात गैर काही नव्हते. पण "कोणी सांगितलं नाही का" हे शब्द मला लागले, कारण त्यात आजी अडाणी ठरत होती आणि तिच्याबरोबर थोडीशी मीही. तेव्हा मी "नंतर बोलू" म्हणून विषय टाळला. आता सविस्तर लिहिते आहे. लिहिताना निदान आवाज चढत नाही.

आधी एक गोष्ट लक्षात घे. एडिनबर्गमध्ये जानेवारीत चार तास ऊन पडले की आपण आनंदाने बाहेर धावतो. औंढ्याच्या परिसरात, जो माझ्या लहानपणी परभणी जिल्ह्यात होता आणि 1999 पासून हिंगोलीत आला, सूर्याशी आमचे नाते इतके सरळ नव्हते. मे महिन्यात अकरानंतर अंगणात अनवाणी पाऊल ठेवता येत नसे, आडाचा तळ दिसू लागे आणि टँकर आला की नंदामावशी आणि मी घागरी घेऊन रांगेत उभ्या राहत असू. अशा उन्हाळ्यातही तुझी आजी पहाटे अंघोळ उरकून सूर्याला अर्घ्य द्यायची. आठवीत असताना मी एकदा फणकाऱ्याने म्हणाले होते, की जो पाणी शोषून घेतो त्यालाच पाणी कसले पाजतेस? ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी नीट पाहिले, तर तांब्याऐवजी तिच्या हातात लहानसे फुलपात्र होते आणि ती तुळशीला इतकी खेटून उभी होती की त्यातला थेंबन् थेंब मुळाशी पडावा. तिने तसे आधीपासूनच सुरू केले होते की माझ्या बोलण्यानंतर, हे मी तिला कधी विचारले नाही. पाणी वाया जात नव्हते, एवढे खरे. ते सूर्याला होते की तुळशीला, हे मात्र मला आजही ठरवता येत नाही.

आता तुझ्या मुद्द्याकडे येते. सूर्य सुमारे 460 कोटी वर्षांचा आहे आणि त्याचे साधारण अर्धे आयुष्य सरले आहे. त्याच्या गाभ्यात, दीड कोटी अंश सेल्सिअस तापमानाला, दर सेकंदाला सुमारे 60 कोटी टन हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर होते आणि त्यातले जवळपास 40 लाख टन वस्तुमान ऊर्जा होऊन बाहेर पडते. हा व्यवहार आणखी सुमारे 500 कोटी वर्षे चालेल. त्यानंतर काय होईल, ते तुला रथसप्तमीच्या गोवरीवरून सांगते. तुळशीपुढे दुधाचे बोळके उतू गेल्यावर ती गोवरी मी बराच वेळ बघत बसायची: मधला भाग जळून राख झालेला असे आणि विस्तवाची लाल कड मात्र भोवतीने पुढे सरकत असे. सूर्याच्या गाभ्यातला हायड्रोजन संपला, की मध्ये हेलियमची राख उरेल आणि जळण्याचे काम तिच्या भोवतालच्या थरात सुरू होईल. गाभा स्वतःच्याच भाराने आकसून अधिक तापेल, त्या तापाने भोवतालचा थर पूर्वीपेक्षा जोराने पेटेल आणि बाहेरचे आवरण फुगत, थंड होत तांबडे पडेल. सूर्य आजच्या दोनशे पटींहून मोठा होईल. बुध आणि शुक्र त्यात नाहीसे होतील.

असे तांबडे, म्हातारे तारे आमच्या रोजच्या बोलण्यात होते, फक्त ते म्हातारे आहेत हे आम्हाला ठाऊक नव्हते. उन्हाळ्यात सगळे घर माळवदावर झोपायचे आणि डोक्यावर नारिंगी स्वाती चमकायची. तात्या तिच्याकडे बोट करून म्हणायचे, "पडतील स्वाती, तर पिकतील मोती." ती 37 प्रकाशवर्षांवर आहे, तिचे वस्तुमान सूर्याहून किंचित जास्त आहे, आणि गाभ्यातला हायड्रोजन संपल्यामुळे ती फुगून सूर्याच्या सुमारे 25 पट झाली आहे. रोहिणी तर चाळीस पटींहून मोठी आहे. 25 मेच्या सुमारास तात्या "रोहिणी निघाली" म्हणत आणि वखर बाहेर काढत, कारण पंधरवड्याने मिरग लागायचा. रोहिणी नक्षत्र लागते म्हणजे आपल्या दृष्टीने सूर्य त्या तारकेच्या दिशेला येतो. गावात ऊन ऐन भरात असते, तेव्हा सूर्य आपल्याच म्हातारपणासमोर उभा असतो, हे मला इतक्या उशिरा कळले याची अजून रुखरुख वाटते. तात्यांना ते फार आवडले असते.

सूर्याचा शेवटी स्फोट होऊन कृष्णविवर होईल, असेही तू म्हणाला होतास. तसे होणार नाही. त्याचे वस्तुमान त्यासाठी फारच कमी आहे. कृष्णविवरांच्या टकरींतून येणाऱ्या लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा आपल्या औंढ्याजवळच होणार आहे, केंद्र सरकारने 2023 मध्ये तिला मंजुरीही दिली. पण तिथे नोंद होईल ती दुसऱ्या, कितीतरी अवजड ताऱ्यांच्या शेवटाची. आपला सूर्य बाहेरचे वायू हळूहळू सोडून देईल आणि मागे पृथ्वीएवढा, अतिशय घन असा श्वेत बटू उरेल. अशा ताऱ्याचे वस्तुमान कुठवर जाऊ शकते, याचे गणित सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी 1930 मध्ये बोटीने इंग्लंडला येताना मांडले. तेव्हा ते 19 वर्षांचे होते. घर सोडून येताना मी विमानात फक्त रडले होते.

आणखी एक. सूर्य वयोमानाने अधिक प्रखर होतो आहे हे खरे असले, तरी ती वाढ 100 कोटी वर्षांत साधारण दहा टक्के इतकी संथ आहे. तेवढ्यानेही समुद्र आटू लागतील, म्हणून पृथ्वीवरचे जीवन सूर्याच्या आधीच संपेल. परंतु गेल्या काही वर्षांत गावाकडचे उन्हाळे जे असह्य झाले आहेत, त्याचा दोष सूर्याच्या वयाला देता येणार नाही, आणि 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्याचाही नाही. ते माणसांचे काम आहे.

मी स्वतः अर्घ्य देत नाही, हे तू पाहतोसच. रथसप्तमीला इथे विजेच्या शेगडीवर दूध उतू घालते आणि मग तासभर शेगडी घासत बसते. त्यात श्रद्धा किती आणि घरची ओढ किती, हे मला नीट सांगता येणार नाही, आणि म्हणूनच तूही ते करावेस असे मी म्हणत नाही. एवढेच वाटते, की जे कायमचे टिकणार नाही त्याला नमस्कार कशाला करायचा, हा तुझा युक्तिवाद मला पटत नाही. तात्यांच्या पाया पडताना आम्ही असा हिशेब कधी केला नव्हता.

तुझा प्रश्न मी काल आजीला फोनवर जसाच्या तसा सांगितला. ती रागावली नाही. 500 कोटी म्हणजे पाचावर किती शून्ये, हे तिने आधी विचारले आणि मग म्हणाली, "मग चंद्राचं काय होतं गं?" मी सांगितले, की पृथ्वीचे जे होईल तेच चंद्राचे. फुगताना सूर्य आपले वस्तुमान गमावेल, त्यामुळे पृथ्वी काहीशी लांब सरकेल. उलट त्याच्या विरळ आवरणाचा आणि भरती-ओहोटीच्या ओढीचा अडसर तिला आत खेचेल. ती करपणार हे नक्की, आणि बहुतेक गणिते ती गिळली जाईल असेच सांगतात, पण ती निसटण्याची शक्यता शास्त्रज्ञांनी अजून पुरती निकालात काढलेली नाही. आजीला हे उत्तर पसंत पडले नाही. "बहुतेक म्हणजे काय? पक्कं सांग," असे ती म्हणते आहे. रविवारी फोन येईल तेव्हा तूच तिच्याशी बोल.

तुझी,
आई