मेंदू आकसलाय, मग चालू की पडून राहू?

प्रश्न : मी सांगलीची, वय ४१. पतसंस्थेत हिशेब बघते. काही वर्षांपूर्वी मल्टिपल स्क्लेरोसिसचं निदान झालं, गोळ्या चालू आहेत. यंदाच्या एमआरआयमध्ये ‘माइल्ड सेरेब्रल अ‍ॅट्रॉफी’, म्हणजे मेंदू थोडा आकसलाय, असं लिहून आलं. हल्ली आकडे पूर्वीसारखे भराभर जुळत नाहीत. दोघं एकदम बोलायला लागले की गोंधळ उडतो. व्यायामाने मेंदूचं आकसणं थांबतं असं वाचलं, म्हणून संध्याकाळी चालायला जाते. पण उन्हाळ्यात थोडं चाललं तरी डोळ्यांपुढे धूसर होतं. सासूबाई म्हणतात, ‘घरी पडून राहा, आहे तेवढी शक्ती तरी टिकेल.’ काय करू?

उत्तर : ताई, चालणं सोडू नका. मात्र ज्या आशेवर चालताय, ती जरा तपासून घेऊ. माझ्याकडे फिजिओथेरपीला येणारी माणसं पुढचा एमआरआय मनासारखा आला नाही की व्यायामच बंद करतात, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

वयाबरोबर मेंदू सगळ्यांचाच थोडा घटतो. निरोगी माणसात वर्षाला साधारण ०.१ ते ०.३ टक्के. एमएसमध्ये, म्हणजे तुमच्या मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदू-मज्जातंतूंवर उलटते. औषधाविना हा वेग अर्ध्या टक्क्यापासून सव्वा टक्क्याच्याही पुढे जाऊ शकतो. मज्जातंतूंवरचं मायलिन नावाचं संरक्षक आवरण जातं आणि उघडे पडलेले तंतू हळूहळू मरतात. मेंदूच्या मध्यभागी असलेला थॅलॅमस लवकर झिजतो. शरीराकडून येणारे बहुतेक संदेश त्याच्यातूनच पुढे जातात, त्यामुळे विचारांचा वेग मंदावतो. तुमचे आकडे सावकाश जुळतात, पण जुळतात ना? तुमची बुद्धी कमी झालेली नाही, तिला वेळ जास्त लागतोय.

एका अहवालावरून धास्ती मात्र घेऊ नका. अंगात पाणी कमी असलं, स्टेरॉइड नुकतंच घेतलं असलं किंवा नव्या औषधाने सूज उतरली असली, तरी मेंदू थोडा लहान दिसतो. जुन्या सीडी न्यूरोलॉजिस्टकडे न्या, तुलना करून घ्या.

आता व्यायामाचं. डेन्मार्कमध्ये आर्हुस विद्यापीठातल्या संशोधकांनी रुग्णांकडून २४ आठवडे वजनांचा व्यायाम करून घेतला. मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी काही ठिकाणी वाढलेली दिसली आणि आम्हा सगळ्यांना हुरूप आला. पुढे तिथेच २४ आठवडे दम लागेल असा एरोबिक व्यायाम तपासला, तेव्हा आकसण्याच्या वेगात फरक पडला नाही. २०२३ मध्ये सहा देशांतल्या ३११ रुग्णांवरचा ‘कॉगएक्स’ हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचा एमएस सतत वाढत जाणाऱ्या प्रकारचा होता. बौद्धिक सराव आणि व्यायाम १२ आठवडे जोडीने देऊनही त्यांच्या विचारांचा वेग इतर गटांपेक्षा जास्त वाढला नाही. म्हणून स्पष्ट सांगते, आकसणं धीमं करण्याचं काम आज औषधाचं आहे. चालायला जाते म्हणून गोळी चुकली तर चालेल, असं कधीही मनात आणू नका.

मग चालायचं कशाला? दमसास वाढतो, पायांत बळ येतं, तोल सुधारतो, थकवा आणि मनाची मरगळ कमी व्हायला मदत होते. थकलेल्या, उदास माणसाचे आकडे आणखी चुकतात, त्यामुळे कामावरही याचा उपयोग होतो. सासूबाईंना सांगा, एके काळी डॉक्टरही हेच म्हणायचे, विश्रांती घ्या. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या अभ्यासात रुग्णांनी १५ आठवडे एरोबिक व्यायाम केला, त्यांचा दमसास आणि ताकद दोन्ही वाढली. तिथून हा सल्ला बदलत गेला.

धूसर होण्याचं कारण बहुधा उष्णता. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म ऊटहोफ यांनी १८९० मध्ये हे नोंदवलं होतं. आवरण गेलेल्या तंतूत शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी संदेश अडतो, अंग थंड झालं की पुन्हा सुरू होतो. यात नवीन इजा होत नाही. पण सांगलीत मे महिन्यातल्या संध्याकाळी डांबरी रस्ता तापलेलाच असतो. उजाडताना निघा. आधी गार पाणी प्या, मानेवर ओला पंचा ठेवा, दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा. फारच उकाडा असेल तर पंख्याखाली बसून चालवायची सायकल उत्तम. आठवड्यातून दोनदा अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने, एवढं गाठायचं. आणखी दोन दिवस ताकदीचे : खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला धरून टाचा उचलणं. तोल जात असेल तर कुणीतरी जवळ हवं. अंग थंड होऊनही धूसरपणा गेला नाही किंवा २४ तासांहून जास्त राहिला, तर तो एमएसचा नवा झटका असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

जुळवणीचं काम सकाळी, डोकं ताजं असताना उरका. त्या वेळेत काउंटरवरचे प्रश्न दुसऱ्या कुणी घ्यावेत, असं व्यवस्थापकांना मोकळेपणाने सांगा. आणि पुढच्या भेटीत एसडीएमटी चाचणीबद्दल विचारा. दीड मिनिटाची आहे, चिन्हांसमोर आकडे लावायचे असतात. आज केली आणि दरवर्षी केली, तर विचारांचा वेग खरंच घटतोय का, ते तुम्हाला अंदाजावर सोडावं लागणार नाही.